राखणीचं बेट

चिचुंद्री आपल्याकडे न्हाणीच्या मोरीतून घरात येते, भिंतीच्या कडेकडेने पळते आणि सकाळी तिचा उग्र वास तेवढा मागे राहतो. आपण तिला फारसं मनावर घेत नाही. हीच चिचुंद्री जहाजांबरोबर मॉरिशसला पोचली आणि तिथून इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यापासून किलोमीटरभराच्या आत असलेलं हे प्रवाळी चुनखडीचं बेट जेमतेम २६ हेक्टरचं, म्हणजे चौसष्ट एकरांचं आहे. १९९९ मध्ये तिथून तिला कायमची घालवायचं ठरलं. सगळ्या बेटभर जिवंत पकडायचे सापळे मांडले गेले. आधी भराभर सापडल्या, मग कमी कमी होत गेल्या, मग जवळजवळ संपल्या. घात या ‘जवळजवळ’ने केला. सापळ्यांपासून दूर राहिलेल्या थोड्या चिचुंद्र्या उरल्या, त्यांची वीण सुरू झाली आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. त्याच सुमारास इल द ला पास या दोनेक हेक्टरच्या खडकावर मात्र हेच काम फत्ते झालं होतं. दोन हेक्टरमध्ये शेवटची चिचुंद्री गाठता येते. सव्वीसमध्ये ती कुठल्या दगडाखाली आहे ते कळत नाही.

शंभरातल्या नव्याण्णव मारल्या म्हणजे काम नव्याण्णव टक्के झालं, असं बेटावर धरता येत नाही. शेवटची विणारी जोडी जिवंत असेतो काम शून्यच. आणि काम तडीस गेलं तरी कोणीतरी कायम पहारा द्यायचा असतो. शेतावर उभं पीक राखायला माणूस माचाणावर बसतो, तसा. मॉरिशसच्या पक्ष्यांची गोष्ट बहुतेक वेळा ‘वाचवलं’ या शब्दावर संपवली जाते. मला ती ‘राखण’ या शब्दाने सांगावीशी वाटते.

मॉरिशस मादागास्करच्या पूर्वेला सुमारे नऊशे किलोमीटरवर, समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीचं बेट आहे. ते कधीच कुठल्या खंडाला जोडलेलं नव्हतं. त्यामुळे तिथे पोचले ते उडून, वाहून किंवा तरंगत आलेलेच जीव. वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी तिथे नव्हता. अंडी खाणारा उंदीर नव्हता, झाडावर चढणारं मांजर नव्हतं, घरटं उचकटणारं माकड नव्हतं. ज्या शत्रूशी कधी गाठच पडली नाही, त्याच्यापासून पळायचं कसं ते अंगात कुठून येणार? पंख चालवायला ताकद लागते, ती जिथे खर्च करायची गरज नाही तिथे पिढ्यान्‌पिढ्या पंख आखूड होत जातात. डोडो हे कबुतरच होतं, जमिनीवर उतरून थोराड झालेलं. त्याला मूर्ख म्हणण्याची रीत पडली आहे. तो मूर्ख नव्हता. त्याच्या जगात माणूस, डुक्कर आणि उंदीर नव्हते, एवढंच.

डच १५९८ मध्ये आले आणि १६३८ मध्ये त्यांनी वस्ती केली. डोडो दिसल्याची सर्वसाधारणपणे मान्य असलेली शेवटची नोंद १६६२ ची. खलाशांनी डोडो मारून खाल्ले हे खरं, पण बेटावर माणसं होती किती? मोठं नुकसान केलं ते जहाजांतून उतरलेल्या जनावरांनी. डुकरांनी आणि जावाकडच्या लांब शेपटीच्या माकडांनी जमिनीवरची अंडी संपवली, उंदरांनी उरलेली. १६३९ मध्ये आणलेल्या जावाच्या हरणांनी रोपटी खाल्ली. पुढे एबनीच्या लाकडासाठी जंगल तुटलं आणि मग उसासाठी साफच झालं. आज चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी आहे. मुख्य बेटावर मूळचे वनपक्षी नऊ उरले आहेत आणि वर दोन पाकोळ्या. खरुची हा छोटा शिकारी पक्षी, गुलाबी कबूतर, एको पोपट, सुगरणीच्या कुळातली फोडी, दोन प्रकारचे चष्मेवाले, एक बुलबुल, एक कोकीळ-खाटीक आणि एक स्वर्गीय नर्तकाचा भाऊबंद. यादी एका दमात वाचून होते.

मराठी वाचकाला टोचणारी गोष्ट ही की या पक्ष्यांचे आजचे त्रासदायक शेजारी आपल्या ओळखीचे आहेत. साळुंकी १७६२ च्या सुमारास भारतातून नेली ती टोळ खायला. एका ठिकाणचा जीव दुसरीकडे नेऊन कीड आवरण्याच्या सर्वांत जुन्या प्रयोगांपैकी हा एक. आज ती ढोल्या बळकावते. शिपाई बुलबुल १८९२ मध्ये गेला. तो उपऱ्या झुडपांची फळं खातो आणि बिया जंगलभर पेरत हिंडतो. मुंगूस विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला उंदीर मारण्यासाठी नेलं, पण उंदीर रात्रीचा आणि मुंगूस दिवसाचं, त्यामुळे ते जमिनीवरच्या पक्ष्यांवर गेलं. आपला गळ्यात कंठा असलेला हिरवा पोपट पिंजऱ्यांतून सुटून रानात स्थिरावला. यातलं कुठलंच जनावर वाईट नाही. साताऱ्याच्या बांधावर साळुंकी जशी शोभते तशीच ती आहे. चुकीच्या जागी नेऊन सोडलं ते माणसाने.

आता खरुची. मॉरिशसची खरुची आपल्या माळावर एका जागी फडफडत तरंगणाऱ्या खरुचीसारखी शिकार करत नाही. तिचे पंख आखूड आणि गोलसर आहेत, शिक्र्यासारखे, कारण तिला झाडांच्या दाटीत वळत, वाकत शिकार करायची असते. मुख्य खाणं म्हणजे दिवसा हिंडणाऱ्या हिरव्या पाली. गावकऱ्यांनी मात्र तिला ‘कोंबड्या खाणारी’ असं नाव दिलं आणि नावापायी तिला गोळ्याही घातल्या. त्यात जंगल आटलं आणि मलेरियाच्या डासांवर व शेतीत वर्षानुवर्षं डीडीटीसारखी औषधं फवारली गेली. ही औषधं किड्यातून पालीत, पालीतून शिकारी पक्ष्यात साठत जातात आणि अंड्याचं कवच पातळ करतात. १९७४ मध्ये रानात माहीत असलेल्या खरुची फक्त चार उरल्या होत्या. त्या वेळी जगातला सर्वांत दुर्मीळ पक्षी म्हणून तिचं नाव घेतलं जाई.

त्याच हंगामात एका जोडीने झाडाची ढोली सोडून उभ्या कड्याच्या कपारीत अंडी घातली. तिथे माकडाचा हात पोचत नाही. पिल्लं उडाली, आणि पुढे त्यांनीही कडेच निवडले, असं मानलं जातं. जन्माला आलो तसंच घर शोधायचं, ही खोड इथे उपयोगी पडली.

१९७९ मध्ये वेल्सचे तरुण जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आले, ते खरं तर प्रकल्प गुंडाळण्याच्या कामावर. त्यांनी तो गुंडाळला नाही. त्यांनी वापरलेली युक्ती ससाणे पाळणाऱ्यांना जुनी ठाऊक होती. मादी तीनेक अंडी घालते. ती हंगामाच्या सुरुवातीला उचलली, तर ती जोडी साधारण दोन आठवड्यांत दुसरी अंडी घालते. पहिली माणसाने उबवायची, दुसरी तिने. मात्र दुसऱ्यांदा अंडी घालायला मादीच्या अंगात चरबी हवी, नाहीतर ती बसूनच राहते. म्हणून रानातल्या जोड्यांना पांढरे उंदीर टाकून खाऊ घालावं लागे, आणि तेही अंडी घालण्याच्या आधीपासून.

उचललेलं अंडं यंत्रात ठेवलं की झालं, असं मुळीच नाही. ससाण्याच्या कुळातलं अंडं साधारण साडेसदतीस अंशांवर उबवतात, दिवसातून अनेकदा फिरवतात आणि रोज तोलतात. तोलणं सर्वांत महत्त्वाचं. कवचातून पाण्याची वाफ जात असते, आणि पिल्लू कवचाला पहिला तडा देईपर्यंत अंड्याचं वजन सुरुवातीपेक्षा पंधराएक टक्क्यांनी घटायला हवं. हवा दमट असली तर पाणी पुरेसं निघत नाही, आतली हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवच फोडण्याआधीच गुदमरतं. हवा कोरडी असली तर पडदा वाळून पिल्लाला चिकटतो. मॉरिशसची हवा दमट. त्यामुळे प्रत्येक अंड्याच्या वजनाचा आलेख काढायचा आणि रेघ भरकटायला लागली की त्या अंड्यापुरती यंत्रातली ओल बदलायची. यंत्रात ठेवण्याआधी पहिले सात ते दहा दिवस अंडं खऱ्या पक्ष्याखाली उबलं तर यश बरंच वाढतं. आईच्या अंगाची ऊब यंत्राला पूर्णपणे जमत नाही.

पिल्लं मोठी करून सोडायची पद्धतही ठरलेली होती. उडायच्या थोडं आधी, महिन्याभराच्या वयाची पिल्लं जंगलातल्या एका पेटीत ठेवायची. पुढे जाळी, त्यातून त्यांना भोवतालचं रान दिसत राहतं. काही दिवसांनी जाळी उघडायची आणि खाणं पेटीशी ठेवत राहायचं. पिल्लू उडून जातं, भूक लागली की परततं, हळूहळू पाली धरायला शिकतं आणि मग यायचं थांबतं. खाणं आठवडाभर आधी बंद केलं तर पिल्लू उपाशी मरतं. काही पिल्लं रानातल्या जोडीच्या घरट्यातच सरकवली जात; तो रस्ता सर्वांत स्वस्त आणि बिनधोक.

कड्याच्या कपारी मोजक्या, म्हणून पेट्याही टांगल्या गेल्या. ससाण्याच्या कुळातले पक्षी काडीकाटकी आणत नाहीत, खाली जे असेल ते उकरून खळगा करतात. पेटीत नुसती फळी असेल तर अंडी घरंगळतात आणि गार पडतात. म्हणून तळाशी बारीक खडीचा किंवा मातीचा थर हवा, पाणी निघून जायला भोकं हवीत, छप्पर पुढे आलेलं हवं. पेटीशेजारी माकडाला पाय टेकायला फांदी असता कामा नये.

दहा हंगामांत सव्वातीनशेहून अधिक खरुची सोडल्या गेल्या. पूर्वेच्या बाम्बूस डोंगरांतून त्या नाहीशा झाल्या होत्या, तिथेही त्या पुन्हा नांदू लागल्या. १९९४ मध्ये रानात दोनशेच्या वर खरुची होत्या, धोक्यातल्या जीवांच्या यादीतला तिचा दर्जा उतरवला गेला, म्हणजे ती कमी धोक्याच्या गटात गेली, आणि पक्षी सोडण्याचं काम थांबलं. ते रास्तही होतं. पैसा आणि माणसं मोजकी, आणि कबूतर व पोपट रांगेत होते.

गुलाबी कबुतराची गत तेव्हा आणखी बिकट होती. १९९० मध्ये रानात जेमतेम दहा उरली होती. डोडोच्या बेटावरचं हे शेवटचं मूळ कबूतर. बाकीची, मॉरिशसचं निळं कबूतर धरून, नामशेष झाली. इथे खरुचीची रीत जशीच्या तशी चालेना. कबुतराचं पिल्लू पहिले काही दिवस फक्त आईबापांच्या गळ्याच्या पिशवीत तयार होणाऱ्या दाट दुधावर जगतं, आणि ते हाताने बनवून भरवणं फार कठीण. म्हणून अंडी पाळीव होल्यांखाली ठेवली गेली. या कामात वेळ साधावी लागते. होल्याच्या जोडीला दूध सुटतं ते स्वतःची अंडी उबवून संपत आली की. त्यामुळे तिची अंडी कबुतराच्या अंड्याच्या एकदोन दिवसांतली असायला हवीत. जुळलं नाही तर पिल्लू बाहेर येतं आणि पाजायला दूधच नसतं. शिवाय गुलाबी कबूतर होल्याहून मोठं. पिल्लाची भूक अजून बाकी असताना होले हात आखडते घेतात, आणि मग पिल्लू दुसऱ्या जोडीकडे सरकवावं लागतं. इतकं करून होल्याने वाढवलेलं पिल्लू पुढे जोडीदार ओळखण्यात गोंधळण्याची भीती असते. म्हणून जिथे शक्य तिथे आईबापांकडेच ठेवणं बरं.

रानात सोडल्यावर कबुतरांना गहू आणि भरडलेला मका ठेवला जातो, कारण मूळ झाडांची फळं वर्षभर पुरत नाहीत. चक्रीवादळानंतर तर फांदीवर पानही राहत नाही. पण दाण्याच्या तबकावर फक्त गुलाबी कबूतर येत नाही. उपरे होले येतात आणि त्यांच्या घशातून ट्रायकोमोनास हा परजीवी येतो. कबुतरं पाळणाऱ्यांना हा रोग परिचयाचा आहे. घशात पिवळट, पनीरासारखा थर साठतो, गिळता येत नाही. मोठा पक्षी तग धरतो, पण दुधातून तो परजीवी पिल्लात उतरतो आणि पिल्लू दगावतं. म्हणजे वाचवण्यासाठी मांडलेलं तबक रोगाचाही अड्डा होतो. यावर एकच मोठा उपाय नाही, अनेक कंटाळवाणे उपाय आहेत. भांडी घासायची, ओलं धान्य टाकून द्यायचं, एका जागी गर्दी होऊ नये म्हणून तबकं दूर दूर लावायची, घरट्यातली पिल्लं तपासून औषध द्यायचं. औषध सरसकट पाण्यातून देत राहिलं तर परजीवी त्याला निगरगट्ट होण्याची भीती असते.

आज रानात काही शे गुलाबी कबुतरं आहेत. २०१८ मध्ये त्यांचाही दर्जा उतरला. संख्या वाढली म्हणजे सगळं भरून आलं असं मात्र नव्हे. सारी कबुतरं मूठभर पूर्वजांची. जवळच्या नात्यातल्या विणीने अंडी फुकट जातात, पिल्लं कमी जगतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं की संख्या वाढत असतानाही जनुकांतलं वैविध्य गळत राहिलं आहे आणि असंच चाललं तर शंभर वर्षांच्या आत हे कबूतर रानातून जाऊ शकतं. प्राणिसंग्रहालयांतल्या कबुतरांत रानातून हरवलेलं काही वैविध्य अजून टिकून आहे, ते परत आणायला हवं. मला हा सगळ्यात अवघड धडा वाटतो, कारण मोजणीच्या वहीत हे नुकसान दिसत नाही.

एको पोपटाबद्दल लिहिताना हात आवरावा लागतो, एवढं त्यात शिकण्यासारखं आहे. १९८० च्या दशकात ते आठ ते बारा उरले होते, आणि त्यात माद्या मोजक्याच. ढोल्या जुन्या देशी झाडांतच मिळतात, तिथे पावसाचं पाणी साचतं, माकडं हात घालतात, मधमाश्या घर करतात आणि एका माशीच्या अळ्या पिल्लांचं रक्त शोषतात. माणसांनी दोर लावून झाडावर चढून एकेक ढोली दुरुस्त केली. तळाला भोक पाडून पाणी काढलं, वर आडोसा लावला, कोरडा भुसा घातला, अळ्यांवर औषध टाकलं. खोडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळला आणि शेजारच्या झाडांच्या टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, म्हणजे माकडाला ना खालून वाट ना बाजूने. पत्रा लावून फांदी तशीच ठेवली तर पत्र्याचा काही उपयोग नाही.

मादी दोनतीन अंडी घालते, पण खाणं अपुरं असल्याने बहुधा एकच पिल्लू उडतं, धाकटी उपाशी मरतात. ती धाकटी पिल्लं पहिल्या आठवड्यातच उचलून हातावर वाढवली गेली, काही रिकाम्या राहिलेल्या जोड्यांना दिली. हातावर वाढलेले पोपट रानात सोडल्यावर आणखी एक काम झालं. रानात जन्मलेले पोपट खाण्याच्या डब्याकडे ढुंकून पाहत नसत. या नव्या सोबत्यांना तिथे खाताना पाहून ते शिकले.

मग २००४-०५ च्या सुमारास चोच आणि पिसांच्या विषाणूची साथ आली. पिसं गळतात, नवी वाकडी येतात, कोवळी पिल्लं मरतात. हा विषाणू आपल्या कंठवाल्या पोपटातही असतो, आणि पिसांच्या भुकटीतून, ढोलीतून, भांड्यांतून पसरतो. एका पिल्लाला लावलेला हात दुसऱ्या पिल्लाला लावला तरी जोखीम. तेव्हा माणसांनी धाडसाने हात मागे घेतला. पिल्लं उचलणं थांबवलं, डबे आणि दोर जंतुनाशकाने धुण्याची शिस्त कडक केली, आणि भर दिला तो लाकडी पेट्यांवर आणि खाण्यावर. पेटीचं दार लहान करून कंठवाला पोपट बाहेर ठेवावा म्हटलं तर तेही चालत नाही, कारण एको त्याच्याहून अंगाने मोठा. ज्या भोकातून एको जाईल त्यातून कंठवाला सहज जाईल. पेटी जंगलाच्या कडेपासून आत, दाट झाडीत टांगावी, एवढंच हातात राहतं. तरी संख्या चढत गेली. २०१९ मध्ये दर्जा उतरला तेव्हा साडेसातशेच्या आसपास पोपट होते.

या साऱ्या रानाला लागून गंगा तलाव आहे. मॉरिशसच्या हिंदूंचं हे तीर्थ, महाशिवरात्रीला लाखो लोक चालत येतात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली मराठी कुटुंबंही बेटावर आहेत, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. तलावाच्या काठी माकडांना केळी देताना दाता पुण्य मानतो. पण खाऊन गुबगुबीत झालेली माकडांची टोळी शेजारच्या जंगलातली अंडीही फस्त करते. भारतातून सहलीला जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तिथे माकडाला काही देऊ नका.

रॉद्रिग्जचं उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण ते वेगळ्या वाटेने गेलं. मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे सहाशे किलोमीटरवरचं हे बेट. १९६८ च्या वादळानंतर तिथल्या फोडीच्या पाचसहा जोड्या उरल्या होत्या, आणि १९७० च्या दशकात वटवट्याच्या दहाहून कमी. तिथे माकड नाही, मुंगूस नाही. पाणलोट राखण्यासाठी डोंगरउतारांवर झाडं लावली गेली, रान दाटलं, आणि दोन्ही पक्षी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडण्याची गरज न पडता हजारोंवर गेले. माकड-मुंगुसासारखे शत्रू नसतील तर झाडी पुरते. मॉरिशसच्या मुख्य बेटावर नुसती झाडी पुरत नाही, आणि झाडीही आपोआप येत नाही. ब्राझीलहून आलेला रानपेरू तिथे इतका दाट माजतो की खाली देशी रोपाला उजेडच मिळत नाही. कुंपण घालून, हाताने उपटून, तोडलेल्या बुंध्याला लगेच तणनाशक लावून तो काढतात. बुंधा सुका पडू दिला आणि मग औषध लावलं तर ते मुळापर्यंत जात नाही, आणि बाजूने डझनभर धुमारे फुटतात. एकदा साफ केलेला तुकडा पुन्हा पुन्हा खुरपावा लागतो.

तेच फोडीचं. तिच्या वाट्याला आलेली सुरक्षित जागा म्हणजे जपानहून आणून लावलेल्या चिकट, राळेच्या क्रिप्टोमेरिया झाडांचं एक बन. उंदीर-माकडं त्या झाडांवर कमी चढतात. देशी झाडांचा कळवळा असणाऱ्याला हे कडू वाटेल, पण पर्यायी जागा तयार होण्याआधी ते बन तोडलं तर फोडी जाते. २००३ पासून फोडी इल ओ एग्रेतवर नेली गेली आणि हिरवट चष्मेवाला २००६ पासून. उंदीर आणि रानमांजरं तिथून आधीच काढली होती. चिचुंद्री राहिली, तरी झाडावरच्या घरट्यांना तिचा त्रास नाही. २५ जुलै २०२० ला एक मोठं मालवाहू जहाज जवळच्याच प्रवाळावर चढलं आणि ६ ऑगस्टला तेल सांडू लागलं, तेव्हा काही फोडी आणि चष्मेवाले पकडून मुख्य बेटावरच्या पिंजऱ्यांत हलवावे लागले. सारी अंडी एका टोपलीत न ठेवणं म्हणजे काय, ते त्या आठवड्यात कळलं.

आणि खरुची? जिला आपण ‘वाचली’ म्हणून रांगेतून बाजूला केलं, ती २०१४ मध्ये पुन्हा वरच्या, अधिक धोक्याच्या गटात टाकावी लागली. पश्चिमेची आणि पूर्वेची वस्ती एकमेकींपासून तुटलेली, जंगल रानपेरूने कोंदलेलं, पेट्या कुजलेल्या, विणीच्या तोंडावर पाऊस जास्त झाला की अंडी उशिरा. एक कारण नाही, पण हात काढून घेतला तो फार लवकर, असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्या दर दोनतीन वर्षांनी बदलणं आणि पक्षी ओळखायला त्यांच्या पायात घातलेल्या रंगीत कड्या वाचत राहणं याला सोडण्याच्या कामाइतका पैसा लागत नाही. पण दात्याला पिल्लू सोडतानाचं छायाचित्र मिळतं, पेटी बदलतानाचं कोण काढतं?

ज्या बेटांवर शत्रू मुळापासून काढता आला, तिथे राखणीचं रूप बदलतं. मॉरिशसच्या उत्तरेला बावीसेक किलोमीटरवर राउंड आयलंड आहे, २१९ हेक्टरचं. उंदीर तिथे कधी पोचलाच नाही. पण बोकड आणि ससे सोडले गेले होते, त्यांनी झाडोरा इतका खाल्ला की मातीच वाहून गेली. बोकड १९७९ मध्ये संपवले, ससे १९८६ मध्ये. सोसायट्यांच्या फाटकांशी लावतात तो बुटका, बुडाशी माठासारखा फुगलेला बॉटल पाम मूळचा फक्त या बेटाचा. (उंच रॉयल पामलाही आपल्याकडे बॉटल पाम म्हणतात, तो नव्हे.) पुण्या-मुंबईत रोपवाटिकांतून विकत मिळणारं हे झाड त्याच्या मूळ जागी बोटांवर मोजण्याइतकं उरलं होतं. आता कोवळी रोपं उभी राहत आहेत, आणि जमिनीवर अंडी घालणारे समुद्री पक्षी खडकांच्या आडोशाला निर्धास्त बसतात.

तिथे एक गाभण उंदरीण उतरली तर हे सारं संपेल. म्हणून जाणाऱ्या प्रत्येक माणसाचं सामान आधी मुख्य बेटावर उंदीर शिरणार नाही अशा बंद खोलीत उघडलं जातं. तंबू झटकून पूर्ण पसरतात, पुन्हा घडी घालतात. तांदूळ-डाळ घट्ट झाकणाच्या बादल्यांत. ताजी फळं नेताना बियांचा हिशेब. बुटांचे तळवे ब्रशने घासून धुतात, पँटच्या दुमडी उलट्या करतात, खिसे बाहेर काढतात, मोजे आतून बाहेर. पाठपिशवीच्या पट्ट्यांवरचं व्हेल्क्रो शेवटी तपासतात, कारण गवताचं कुसळ तिथेच अडकून राहतं. ते बोटांनी निघत नाही. चिमटा लागतो.